शशिकांत बदकाचा कोरडा फोन

मुलांनो, जवळ सरकून बसा. ज्यांच्या हातात मोबाईल असेल त्यांनी तो बाजूला ठेवा. नाही ठेवला तरी मी रागावणार नाही. गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

एका जंगलात एक नदी होती, आणि त्या नदीत पाणी होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण या पाण्याचं पुढे एकाला फार आश्चर्य वाटणार आहे.

त्या एकाचं नाव शशिकांत. शशिकांत बदक होता. चांगला धष्टपुष्ट, हिरव्या चकचकीत मानेचा, आवाजानं खणखणीत. लहानपणी तो दिवसभर पाण्यात असायचा. आई हाका मारून दमायची, तेव्हा कुठे बाहेर यायचा. पोहायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बदकांना शिकवावं लागत नाही.

मग जंगलात मोबाईल आला.

कुठून आला, कसा आला, हे विचारू नका. तुमच्या घरात जसा आला तसाच आला. आधी एकाकडे होता, तेव्हा सगळे त्याला हसत होते. मग सगळ्यांकडे झाला, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याला सगळे हसायला लागले. चिंचेखाली काजव्यांनी चार्जिंगचं दुकान टाकलं. अस्वल आपल्या गुहेत बसून दुसऱ्या अस्वलांच्या गुहा बघू लागलं. कोल्हा उठल्या उठल्या सगळ्यांना सुविचार पाठवू लागला.

शशिकांतनंही मोबाईल घेतला, आणि त्याच्यापुढे एक साधा प्रश्न उभा राहिला. पाण्यात जायचं तर मोबाईल ठेवायचा कुठे?

बदकाला खिसा नसतो. पंखाखाली धरला तर पोहताना निसटतो. पाठीवर ठेवला तर घसरतो. चोचीत धरला तर ‘हॅलो’ म्हणता येत नाही. काठावर ठेवावा तर माकडं आहेत. शशिकांतनं बराच विचार केला आणि एक सोपा उपाय काढला. त्यानं पाण्यात जाणंच सोडलं.

आधी पोहणं सुटलं. मग अंघोळ सुटली. नदीकाठची हवा दमट असते आणि दमट हवा फोनला वाईट, असं त्यानं एकदा वाचलं. कुठे वाचलं म्हणाल, तर फोनवरच. झालं, त्यानं बिऱ्हाड हलवलं आणि वरच्या टेकाडावर राहायला गेला. तिथे सगळं कोरडं ठणठणीत होतं. गवतसुद्धा वाळलेलं होतं. शेजारी एक टिटवीकाकू राहायच्या, त्याही स्वभावानं कोरड्याच होत्या.

त्याची बायको कुमुदिनी मात्र रोज टेकाड उतरून पोहायला जायची आणि ओलीचिंब होऊन घरी यायची.

“जरा लांब उभी राहा गं,” शशिकांत म्हणायचा. “थेंब उडतात.”

कुमुदिनी लांब सरकायची. पण शेपटी गरजेपेक्षा जरा जास्तच झटकायची.

पुढे कुमुदिनीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत बदकांतही आहे. तिचं माहेर पलीकडच्या काठावर, जरा खालच्या अंगाला, जिथे नदी वळते तिथे होतं. या वळणाची एक गंमत होती. नदीत वर काहीही पडलं की वाहत वाहत ते कुमुदिनीच्या आईच्या, म्हणजे भागीरथीबाईंच्या दाराशीच येऊन लागायचं. नारळ, चपला, फुटक्या टोपल्या, एकदा तर आख्खा पाट. भागीरथीबाईंचा अर्धा संसार अशाच वस्तूंवर उभा होता.

म्हणजे बघा, शशिकांत नुसता पाण्यात बसला असता आणि त्यानं पीससुद्धा हलवलं नसतं, तरी सासुरवाडी आपोआप आली असती. हे लक्षात ठेवा. शशिकांतच्या लक्षात राहिलं नाही.

कुमुदिनी माहेरी गेली. तिनं लव्हाळ्यात पाण्याला लागूनच घरटं केलं आणि सात अंडी घातली.

आता तुम्हाला बापमुखाबद्दल सांगायला हवं. माणसांत जसं सूनमुख असतं, तसं या बदकांत बापमुख असायचं. आईला पिल्लं अंड्यात असतानाच ओळखतात, कारण ती बसल्या बसल्या त्यांच्याशी बोलत असते. बापाला मात्र त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. म्हणून अंडी फुटायच्या वेळी आईनं बाजूला व्हायचं, आणि बापानं समोर उभं राहून मोठ्यानं ओरडायचं. पिल्लं बाहेर येतात, समोर जो हलतो आणि ओरडतो त्याच्याकडे बघतात, आणि तो त्यांचा बाप होतो. एकदा झालेलं बापमुख पुन्हा होत नाही. त्याविरुद्ध कुठे दाद मागता येत नाही.

नदीकाठी याची उदाहरणं होती. कुमुदिनीचा एक मामा बापमुखाच्या वेळी जरा पाय मोकळे करायला म्हणून गेला, आणि तेवढ्यात पिल्लांसमोरून एक म्हातारं कासव खोकत गेलं. ती पिल्लं आता मोठी झाली आहेत, पण अजून कुठल्याही लग्नाला वेळेवर पोचत नाहीत. दुसऱ्या एका घरी वाऱ्यानं ओंडका हलला आणि करकरला. त्या घरातला थोरला मुलगा आजही पाडव्याला त्या ओंडक्याच्या पाया पडतो. ओंडका आशीर्वाद देत नाही, हे तो फार मनाला लावून घेतो.

तेव्हा प्रसंग साधा नव्हता. आणि शशिकांतला बाप व्हायची मनापासून हौस होती. टेकाडावर एकटा असला की तो ओरडण्याचा सराव करायचा. सातही पिल्लांची नावं त्यानं ठरवून ठेवली होती. फोनमध्ये.

एका सकाळी तो फोन वाजला.

शशिकांतच्या फोनची रिंग म्हणजे त्याचाच आवाज होता. त्यानं तो हौसेनं भरून घेतला होता. ‘क्वॅक, क्वॅक. अहो शशिकांतराव, फोन आलाय. क्वॅक.’ रिंग वाजली की फोन थरथरायचा, आणि काळा चष्मा लावलेला त्याचाच फोटो पडद्यावर चमकायचा.

“अहो,” कुमुदिनी म्हणाली. ती आईच्या फोनवरून बोलत होती. “अंडी आतून टकटक करायला लागलीत. निघा आता.”

“निघालोच. पण येऊ कसा?”

“कसे म्हणजे? पोहत या.”

“अगं, फोन भिजेल.”

“मग फोन घरी ठेवून या.”

“आणि तू फोन केलास तर उचलणार कोण?”

कुमुदिनीनं फोन ठेवला.

तुमच्यातला एखादा चुणचुणीत मुलगा आता विचारेल, की बदकाला तर उडताही येतं, मग तो उडत का नाही गेला? बाळा, उंचावरून पडला तर फोन फुटतो. तुझ्या आधी शशिकांतनं याचा विचार केला होता.

टिटवीकाकूंनी शेजारधर्म म्हणून सांगून पाहिलं. “अरे, माझ्याकडे ठेव तुझा फोन. मी काही खाणार नाही तो.”

“काकू, बापमुखाचा फोटो नको का काढायला? ग्रुपवर टाकायला नको? आख्खा ‘समस्त बदके परिवार’ वाट बघतोय. फोटोच नसेल तर बापमुख झालं हे कळणार कुणाला?”

“पिल्लांना कळेल की.”

“पिल्लं अजून ग्रुपवर नाहीत, काकू,” शशिकांत म्हणाला, आणि फोन पंखात गुंडाळून टेकाड उतरला.

खाली नदीच्या काठाला प्रल्हाद वानराचं जलक्रीडा केंद्र होतं. प्रल्हाद स्वतः जन्मात पाण्यात उतरला नव्हता. उंबराच्या फांदीवर बसून तो तिथूनच सगळ्यांना शिकवायचा. त्याच्याकडे कयाक मिळायच्या. कयाक म्हणजे एक अरुंद, लांबट होडी. तिच्यात एकट्यानंच पाय पुढे पसरून बसायचं, आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं एकदा इकडे, एकदा तिकडे मारायचं. पाण्यावर तरंगायची ही फार चांगली सोय आहे. ज्यांना तरंगता येत नाही, त्यांच्यासाठी.

“कुणासाठी पायजे कयाक?” प्रल्हादनं विचारलं.

“माझ्यासाठीच.”

प्रल्हादनं त्याला चोचीपासून खालपर्यंत न्याहाळलं. पायाच्या बोटांमधल्या पडद्यांपाशी त्याची नजर जरा थांबली. पण प्रल्हाद धंदेवाईक होता.

“पोहता येतंय?”

“पूर्वी यायचं.”

“मग लाइफ जॅकेट घालावं लागंल, सायेब. नियम हाय.”

“माझं काय ते मी बघतो,” शशिकांत म्हणाला. “मला काळजी याची आहे.” आणि त्यानं पंख उघडून फोन दाखवला.

प्रल्हाद सरसर चार फांद्या खाली आला. “मग तसं बोला की. आमच्याकडनं गेलेला एकबी फोन आजवर भिजलेला नाही. गिऱ्हाईक भिजतंय कधीमधी. त्याची हमी आपण घेत नाही.”

शशिकांतचा जीव भांड्यात पडला. एवढ्या जबाबदारीनं बोलणारं कुणी त्याला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

प्रल्हादनं ढोलीतून एक पारदर्शक पिशवी काढली. तिचं तोंड दुमडून वर चाप लावायचा होता. आतला फोन बाहेरून दिसायचा, आवाजही यायचा, पण पाणी आत जायचं नाही. “पण आधीच फोन घालू नका,” प्रल्हाद म्हणाला. “आधी कोरडं पान घाला. पिशवी बुडवून ठेवा. पान कोरडं निघालं, की मग फोन. घाई करायची नाही.”

हे खरोखर शहाणपणाचं बोलणं होतं. शशिकांतनं पळसाचं पान शोधलं, पिशवीत घातलं, वर दगड ठेवून पिशवी नदीत बुडवली आणि काठापासून दूर उभा राहून वाट बघू लागला.

तेवढ्यात फोन थरथरला. “अहो, एका अंड्याला चीर गेली,” कुमुदिनी म्हणाली. “कुठपर्यंत आलात?”

“पान भिजत घातलंय,” शशिकांत म्हणाला.

पान बाहेर निघालं ते कोरडं. पण शशिकांतच्या मनात शंका आली. पान थोडंसं भिजलं असेल आणि पिशवीतल्या पिशवीत वाळलं असेल तर? पानाला तर काही सांगता येत नाही. ज्याला सांगता येईल असं कुणीतरी आत घालायला हवं. उंबरावरची एक लाल मुंगी फार मिनतवाऱ्या केल्यावर तयार झाली. तिला पिशवीत घातलं, चाप लावला, बुडवलं, बाहेर काढलं.

“कसं वाटलं आत?” शशिकांतनं विचारलं.

“गुदमरलं,” मुंगी म्हणाली.

“ते जाऊ दे. ओलं वाटलं का?”

“ओलं नाही.”

शशिकांत प्रसन्न झाला. मुंगी त्याला कडकडून चावली आणि निघून गेली.

पुन्हा फोन. “अहो, दोघांच्या चोची बाहेर आल्यात. मी त्यांना डोळे मिटून ठेवायला सांगतेय, पण ती तुमचीच पोरं. ऐकत नाहीत. आहात कुठे?”

“आता फक्त तरंगण्याचं बघायचं राहिलंय.”

“तुमच्या?”

“फोनच्या,” शशिकांत म्हणाला.

कारण कोरडा फोनही बुडू शकतो. तेव्हा प्रल्हादनं एक सुका भोपळा आणला. खेड्यातली पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात ना, तसलाच. फोनची पिशवी भोपळ्याच्या पाठीवर उताणी बांधली. भोपळा खाली, फोन वर, तोंड आकाशाकडे. पिशवीला एक दोरी होती.

“ही दोरी तुमच्या गळ्यात घाला,” प्रल्हाद म्हणाला. “म्हंजे फोन तुम्हाला सोडून जाणार नाही.”

शशिकांतनं दोरी गळ्यात घातली. पण मग त्याच्या डोक्यात आलं, समजा आपण बुडालो, तर दोरीमुळे फोनही आपल्याबरोबर खाली जाईल. या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं दोरी काढून टाकली. मग लाइफ जॅकेटकडे बघितलं. केंद्रात शिल्लक असलेलं एकच जॅकेट सशाच्या मापाचं होतं. त्यानं तेही भोपळ्याला घातलं आणि वरून बंद आवळले.

असा तो फोन कयाकच्या पुढच्या टोकावर नवरदेवासारखा विराजमान झाला. मागे शशिकांत बसला. जॅकेट नाही, दोरी नाही, काही नाही. प्रल्हादनं फांदीवरूनच काठीनं ढकलून कयाक पाण्यात सोडली.

मुलांनो, वल्हं मारलं की पाणी उडतं. याला काही इलाज नाही. पण शशिकांतनं इलाज शोधला. पाणी उडू नये म्हणून तो वल्हं पाण्यात हळूच बुडवायचा, तसंच धरून ठेवायचा आणि हळूच काढायचा. त्यामुळे एकही थेंब उडत नव्हता आणि कयाकही पुढे जात नव्हती. नशीब, की नदी आपलं काम करत होती. तिनं कयाक हळूहळू वळणाकडे न्यायला सुरुवात केली.

निम्म्यावर आल्यावर पलीकडचं लव्हाळं दिसायला लागलं. लव्हाळ्यापाशी भागीरथीबाई पंख हलवत उभ्या होत्या. शशिकांतला एकदम भरून आलं. आपण पोचणार. आपण समोर उभे राहणार. त्यानं घसा साफ केला आणि जे ओरडायचं ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं.

आणि त्याच वेळी वल्ह्याच्या पात्यावरून एक थेंब निथळला, वाऱ्यावर गेला आणि पिशवीवर पडला.

बाहेरून पडला. पिशवीच्या आत नव्हे. पानानं आणि मुंगीनं साक्ष दिलेली होती. पण बापमुखाच्या फोटोला जायचं आणि काचेवर थेंब, हे शशिकांतला बघवेना. तो थेंब पुसायला उठून उभा राहिला.

कयाकमध्ये उभं राहायचं नसतं. ही गोष्ट प्रल्हादनं सांगितली नव्हती, कारण ती फोनच्या सुरक्षिततेत येत नव्हती.

कयाक एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे कलली आणि शांतपणे उलटी झाली. भोपळा एका बाजूला गेला. शशिकांत दुसऱ्या बाजूला गेला.

“बुडालो,” शशिकांत ओरडला. “बुडालो, धावा.”

असं तो बराच वेळ ओरडत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की बुडत असलेल्याला इतका वेळ ओरडता येत नाही. त्यानं खाली बघितलं. तो पाण्यावर बसला होता. नुसता बसला होता, आपण पाटावर बसतो तसा. पाणी पिसांवर चढत होतं आणि मोती होऊन घरंगळत होतं. एकही पीस भिजलं नव्हतं.

त्यानं घाबरून फोनकडे पाहिलं. फोन भोपळ्यावर उताणा पडून डुलत डुलत सासुरवाडीकडे चालला होता. पिशवीत पाण्याचा टिपूस नव्हता. “कोरडा आहे,” शशिकांत म्हणाला. “कोरडा आहे.” आता याच्या मागे जायचं, धरायचा, की झालं.

त्यानं पाय मारला.

इतक्या दिवसांनी पाय मारला, मुलांनो. पोटाखालून गार पाणी सळसळत गेलं आणि त्याच्या सगळ्या अंगातून एक शिरशिरी गेली. त्यानं दुसरा पाय मारला. सवय मोडली होती, म्हणून तो जागच्या जागी गोल फिरला. तेही त्याला आवडलं. तो पुन्हा फिरला. मग त्यानं, लहानपणी करायचा तसं, डोकं पाण्यात घातलं आणि शेपूट वर केली. खाली शेवाळ हलत होतं. वाळूवर ऊन पडलं होतं. एक झिंगा त्याच्याकडे बघत मागे मागे गेला. तिथे रिंग नव्हती, ग्रुप नव्हता, सुविचार नव्हते.

त्याला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. आपण इतके दिवस टेकाडावर काय करत होतो, हे त्याला आठवेना. फोन आहे हेसुद्धा तो विसरला. आयुष्यात पहिल्यांदाच विसरला. थोडाच वेळ विसरला, पण विसरला.

शेवटी दम संपला आणि त्यानं डोकं वर काढलं. तेव्हा पलीकडच्या काठावरून त्याला त्याचाच आवाज ऐकू आला.

‘क्वॅक, क्वॅक. अहो शशिकांतराव, फोन आलाय. क्वॅक.’

शशिकांत एकदम सरळ रेषेत पोहू लागला. असा पोहला, की लहानपणीही पोहला नसेल. पण तो लव्हाळ्यात शिरला तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झालं होतं असं. भोपळा वाहत वाहत, इतर सगळ्या वस्तूंसारखाच, भागीरथीबाईंच्या दाराशी येऊन लागला होता. अगदी घरट्यासमोर. तेवढ्यात सातही अंडी एकदम फुटली. कुमुदिनी रीतीप्रमाणे बाजूला झाली आणि आहात तरी कुठे, हे विचारायला तिनं नवऱ्याला फोन लावला. फोन समोरच वाजला. तो थरथरला, चमकला आणि खणखणीत आवाजात ओरडला. आणि पिल्लांनी डोळे उघडले.

आता ती सातही पिल्लं भोपळ्याला चिकटून बसली होती आणि पिशवीवर गाल घासत होती.

“जावईबापू,” भागीरथीबाई धावत आल्या. “मेलं, केवढा घोर लागला होता. भिजला नाही ना?”

“मी?” शशिकांतनं विचारलं.

“फोन हो.”

फोन भिजलेला नव्हता. भागीरथीबाईंनी देवाला हात जोडले. त्यांनी त्याच फोननं फोटो काढायचा ठरवला, पण पिल्लं फोनला हात लावू देईनात. तेव्हा त्यांनी आपल्या फोननं काढला आणि ग्रुपवर टाकला. फोटोत पिल्लं आहेत, फोन आहे, काळा चष्मा लावलेला शशिकांतही आहे. ‘समस्त बदके परिवारा’त सगळ्यांनी लिहिलं, की मुलं अगदी बापावर गेली आहेत.

शशिकांत पिल्लांसमोर उभा राहिला आणि ओरडला. सराव केला होता तसाच ओरडला. पिल्लांनी वळून पाहिलं आणि ती घाबरून फोनच्या मागे लपली. शशिकांत मागे सरकून उभा राहिला.

“कुठे होतात तुम्ही?” कुमुदिनीनं हळूच विचारलं.

“पाण्यात,” तो म्हणाला.

“तुम्ही? पाण्यात?” कुमुदिनी म्हणाली. तिला हसावं की रडावं हे कळेना. मग तिनं जवळ येऊन त्याच्या मानेवरचं शेवाळ चोचीनं काढलं. लांब उभी राहा, असं या वेळी तो म्हणाला नाही.

आता ते सगळे लव्हाळ्यातच राहतात. रोज सकाळी शशिकांत फोन पुसतो, पिशवीत घालतो, चाप दोनदा तपासतो आणि भोपळा पाण्यात सोडतो. पुढे फोन तरंगत जातो. त्याच्या मागे सात पिल्लं रांगेत पोहतात. त्यांच्या मागे कुमुदिनी असते, आणि सगळ्यात शेवटी शशिकांत. तो रोज पोहतो. चांगला पोहतो. बॅटरी उतरत आली, की फोन पाठीवर घट्ट बांधून तो काजव्यांकडे धावत सुटतो, कारण पिल्लं तेवढा वेळ पोरकी होतात.

एकदा त्यानं मोठी पारदर्शक पिशवी आणली आणि स्वतः तिच्यात शिरून घरट्यासमोर थरथरत उभा राहिला. पिल्लांनी निरखून पाहिलं. “हा जुना झालाय,” त्यातलं एक म्हणालं, आणि ती खेळायला गेली.

पण शशिकांत चिवट निघाला. आता संध्याकाळ झाली, की तो सासूबाईंचा फोन घेऊन लव्हाळ्याच्या पलीकडच्या अंगाला बसतो आणि आपल्याच नंबरला फोन लावतो. पिल्लं भोपळ्याभोवती गोळा होतात. कुमुदिनी पिशवीवरूनच बटण दाबते. मग शशिकांत त्यांना गोष्ट सांगतो. एका जंगलात एक नदी होती आणि त्या नदीत पाणी होतं, अशी ती सुरू होते. पिल्लं फोनला बिलगून ऐकतात. लव्हाळ्याच्या फटीतून शशिकांतला ती दिसतात. इतकी जवळ, की पंख लांब केला तर पोचेल.

एकदा गोष्ट रंगात आली आणि त्याचा आवाज जरा चढला. तेव्हा सगळ्यात धाकट्या पिल्लानं लव्हाळं बाजूला केलं आणि त्याच्याकडे बघून चोचीवर पंख ठेवला.

“काका,” ते म्हणालं, “हळू बोला. बाबा गोष्ट सांगतायत.”

तात्पर्य: पाण्यात जाताना मोबाईल नेहमी बंद पिशवीत, भोपळ्याला बांधून आणि पूर्ण चार्ज करून न्यावा. घरातल्या कर्त्याची काळजी करू नये. मोबाईल भिजला तर बिघडतो, बाप भिजला तर वाळतो.